झेंडूचे अकरा दिवस

सांगली, ९ मार्च, सोमवार

श्री. लालासाहेब दाजी यांस,

तुमचा धाकटा मेहुणा वीरधवल याचा, तुम्ही ज्या कुठल्या पाण्यात असाल तिथं पोचेल इतका वाकून नमस्कार. घरी सगळे धडधाकट आहेत, नानांचा गुडघा तेवढा सोडून. शिवांजली अक्का बरी आहे, तुम्ही गेल्यापासून तिचं वजन वाढलंय (हे मी कळवलं असं तिला कळवू नका). तुमची प्रकृती कशी आहे? पत्रात विचारायची पद्धत आहे म्हणून विचारत नाही दाजी, या खेपेला खरोखरच विचारतोय. झोप लागते का, जेवण जातं का, पायऱ्या चढताना पायांचा आवाज येतो का, आरशात नीट दिसता का, हे सगळं सविस्तर लिहा. मोघम लिहू नका.

आजकाल हातानं पत्र कोण लिहितं, असं तुम्ही म्हणाल. ऑफिसातून ई-मेल केला तर त्याची एक प्रत आपोआप आर्जवसरांकडं जाते, आणि व्हॉट्सॲप केला तर तुम्ही उत्तर देण्याआधी अक्का मला तुमचं उत्तर काय येणार ते सांगते. ही दोन कारणं मी लोकांना सांगतो. तिसरं फक्त तुम्हाला सांगतो. तुमच्या जहाजाबद्दल काहीही यंत्रात लिहायची मला आता भीती वाटते. कागदावर लिहिलेलं निदान कागदावर राहतं.

मुळापासून सांगतो, म्हणजे मधेच भडकू नका (भडकायचं खातं आपल्या घरात माझ्याकडं आहे). तिसऱ्या वर्षाला मी कॉलेज सोडलं ते तुम्हाला ठाऊक आहे, पण कसं सोडलं ते कुणी धड सांगितलं नसेल. तोंडी परीक्षेला सर म्हणाले, ही बॉयलरची फाईल तू लिहिलेली दिसत नाही. ती खरंच मी लिहिलेली नव्हती, पण असं चारचौघांत म्हणायचं काही कारण नव्हतं, म्हणून मी ती तिथंच उभी फाडली आणि बाहेर पडलो. गेटपर्यंत येईस्तोवर राग उतरला होता, पण परत जायची लाज वाटली. त्या लाजेवर दीड वर्ष गेलं. मग तुम्ही शब्द टाकलात आणि मला सांगलीच्या या ऑफिसात चिकटवलंत, म्हणून आधी तुमचे उपकार, आणि पुढचं सगळं त्या उपकारांतूनच घडलंय हेही लक्षात असू द्या.

तुम्ही ऑफिस पाहिलेलं नाही. मार्केट यार्डाजवळ हळदीच्या गोदामाच्या वर तीन खोल्या आहेत. खाली पोती उलथायला लागली की वर आमच्या कीबोर्डवर पिवळी साय धरते. रोज अंगाला हळद लागणारं आणि तरी एकाचंही लग्न न झालेलं असं ऑफिस दुसरं नसेल. इथं बसून आम्ही चौदा जहाजांच्या धुराचा हिशेब ठेवतो. त्यातलं एकही जहाज आमच्यापैकी कुणी पाहिलेलं नाही, आणि आर्जवसर तर रत्नागिरीला गेले तरी किनाऱ्यापासून लांब खोली घेतात, त्यांना वाऱ्याचा त्रास होतो. तुमच्या जहाजाचं नाव एम. व्ही. वेस्टर्न मेरिगोल्ड असलं तरी ऑफिसात त्याला सगळे झेंडू म्हणतात. झेंडूचा कागद आला का, झेंडूनं आज किती तेल खाल्लं, असं चालतं.

नियम तुम्हाला पाठ असतील, पण ते मी इतक्या वेळा घरी समजावलेत की माझ्या तोंडातून आपोआप निघतात. पाच हजार टनांवरचं जहाज युरोपला जाणार असेल, तर त्यानं किती तेल जाळलं आणि किती अंतर कापलं ते लिहून ठेवायचं, त्यावरून कार्बन काढायचा, आणि वर्षाचा अहवाल बाहेरच्या पडताळणीवाल्याकडून तपासून मार्चअखेर द्यायचा. एक टन जड तेल जाळलं की तीन टनांच्या वर कार्बन वायू निघतो. हे नाना मान्य करत नाहीत. म्हणाले, "आरं, गुऱ्हाळाच्या चुलवाणात एक पोतं चिपाडं घातली तर तीन पोती राख निघंल का? कोण शिकवतं रं तुमास्नी?" हवेतला प्राणवायू त्यात मिसळतो म्हणून वजन वाढतं, असं मी सांगितलं. तर म्हणाले, मग हवेचं वजन त्या बिचाऱ्या जहाजाच्या नावावर का?

या सगळ्याचा पाया म्हणजे दुपारचा कागद. रोज दुपारी बाराला कप्तान आपली जागा, तेल, अंतर, वारा आणि शेरा असं भरून पाठवतो. आपल्याकडं बाराच्या ठोक्याला विहिरीवर जाऊ देत नाहीत, चिंचेखाली थांबू देत नाहीत, मळ्यात जेवण नेणारी बाई भाकरीवर कोळशाचा तुकडा ठेवते. आणि जगातल्या सगळ्या जहाजांनी आपला ठावठिकाणा नेमका त्याच वेळेला सांगायचा, हा नियम ज्यानं केला तो आपल्या भागातला नव्हता एवढं नक्की.

आता भाग्यश्री. ती कोण, हे अक्कानं तुम्हाला सांगितलं नसेल, कारण अक्काला मी सांगितलेलं नाही. ती समोरच्या टेबलावर बसते. तिचे वडील धरणेंद्र आण्णा, मिरजेकडची मंडळी, घरची द्राक्षबाग. सूर्यास्ताआधी जेवायचं म्हणून ती साडेपाचला उठते, आणि ती उठली की ऑफिसातला उजेड कमी होतो (आर्जवसर म्हणतात ट्यूब बदलायला झाली आहे). आमच्या प्रत्येक अहवालाच्या तळाला दोन सह्या लागतात. डावीकडं 'तयार करणार', तिथं मी. उजवीकडं 'तपासणार', तिथं ती. चि. आणि चि. सौ. कां. नसले म्हणून काय झालं, दोन नावं शेजारी शेजारी, खाली तारीख आणि स्थळ, एवढं सगळं त्यात आहे. माझ्या आयुष्यात आमची नावं जवळ येण्याची ही एकच जागा आहे, म्हणून मी अहवाल इतक्या मन लावून करतो की आर्जवसरांनी मला दोनदा शाबासकी दिली. त्यांना कारण माहीत नाही.

मुद्द्यावर येतो. ११ नोव्हेंबरला झेंडूचा कागद आला नाही. तुम्ही मंगळूरहून पोलाद भरून निघून दोनच दिवस झाले होते. बाराला ज्या जहाजाचा कागद येत नाही त्याचा चौकोन आमच्या पडद्यावर लाल होतो. नियम असा की जो आकडा आला नाही, तो 'आला नाही' असं लिहायचं, मग ठरलेल्या रीतीनं अंदाज काढायचा, आणि हा अंदाज आहे हे कबूल करायचं. भाग्यश्री तेव्हा पंचकल्याणक पूजेसाठी गावी गेली होती. ती येईल आणि माझ्या नावाच्या महिन्यात लाल चौकोन बघेल, हे मला सहन होईना. मी चौकोन भरला. मनानं.

मनानं म्हणजे अगदी वाऱ्यावर नाही. नानांचा ट्रॅक्टर उसाच्या भरल्या दोन ट्रॉल्या ओढताना किलोमीटरला किती डिझेल पितो ते मला तोंडपाठ आहे. त्यावरून टनाला किती, मग झेंडूचे टन किती, मग पाण्यात चढ नसतो म्हणून त्यातून उंब्रजचा चढ वजा, असं करत मी २७.४३ टनांवर आलो. दशांशानंतर दोन आकडे दिले की ते खरे वाटतात, हे मी कॉलेजात शिकलो होतो (तेवढंच शिकलो होतो). जागेसाठी नकाशावर फूटपट्टी ठेवून रोज थोडं खाली सरकायचं. वारा खिडकीतून बघून लिहायचा. तिसऱ्या दिवशी शेऱ्याला काही सुचेना, खाली पोती फोडत होते, मी लिहिलं, 'हवेत हळदीचा वास.' कोण वाचतंय, असं वाटलं. चौकोन हिरवा झाला.

सहावा दिवस रविवार होता, १६ तारीख. आदल्या आठवड्यात मी भाग्यश्रीला मेसेज केला होता की रविवारी बाराला कराडला प्रीतिसंगमावर या, बागेतल्या बाकावर आहे. ती म्हणाली, "बघू की." सांगलीत 'बघू की' म्हणजे काय ते तुम्ही अक्काला मागणी घातली होती तेव्हा तुम्हाला कळलंच होतं. तरी मी गेलो. अक्कानं दिवाळीला घेतलेला चौकड्यांचा शर्ट घातला, कांदा-लसूण न घातलेला भडंग खास सांगून करून घेतला, आणि बाकावर बसलो. पावणेबाराला लाल चौकोनाची आठवण झाली. मोबाइलवरूनच भरला. आता मोबाइलवर भरलं की ते सॉफ्टवेअर तुम्ही जिथं बसलाय ती जागा आपली आपण घेतं, हे मला कुठं माहीत. तेल भरलं, अंतर भरलं, शेरा लिहिला, 'पाणी संथ. वाट बघतोय.' आणि पाठवलं. त्या दिवशी कागदोपत्री झेंडू जहाज कृष्णा आणि कोयनेच्या संगमावर उभं होतं.

भाग्यश्री आली नाही. मी तीनपर्यंत बसलो आणि भडंग एकट्यानं खाल्ला.

अकरा दिवसांनी, २२ तारखेला, झेंडूचा खरा कागद आला. उपग्रहाचं यंत्र बिघडलं होतं, नोंदवहीची पानं मागून पाठवतो, असं कप्तानानं कळवलं. त्याच दिवशी तुमचा अक्काला फोन आला. ती मला म्हणाली, ह्यांनी माझी विचारपूस सोडून भलतंच विचारलं, घाटावरच्या बाकांना हिरवा रंग कधी दिला म्हणून. दाजी, रंग १४ नोव्हेंबरला दिला. अक्काला माहीत नव्हतं. मला माहीत होतं, कारण माझ्या पँटला लागला होता. तुम्ही तेव्हा मादागास्करच्या खाली होता. मी तेव्हा मनात म्हटलं, कुणीतरी फोटो पाठवला असेल. त्या दिवसापासून तुम्ही दर रविवारी बाराच्या ठोक्याला फोन करता, तेही मी मनात म्हटलं, जहाजावर तेव्हाच सवड मिळत असेल.

फेब्रुवारीत पडताळणीवाल्यांचं पत्र आलं. मजकूर फार सभ्य होता. आमच्या नकाशानुसार १६ नोव्हेंबर रोजी आपले जहाज समुद्रापासून सुमारे शंभर किलोमीटर आत आणि समुद्रसपाटीपासून पावणेसहाशे मीटर उंचीवर होते, कृपया खुलासा करावा. आर्जवसरांनी मला बोलावून विचारलं, हे कुठलं बंदर? मी म्हणालो, कराड. ते म्हणाले, मग बंदराच्या शिक्क्याचा कागद जोडा. (सर मनानं सरळ आहेत, त्यांच्यावर रागावता येत नाही. मी बाहेर येऊन माउस आपटला. तो खिडकीतून वायरला लोंबकळत हळदीच्या पोत्यात गेला.) मी ठरवलं होतं की नोंदवहीची पानं आली की माझे आकडे गुपचूप खोडून खरे घालायचे, आणि कराडची चूक मोबाइलवर ढकलायची.

पानं आली. दाजी, पहिल्या दिवसाचं तेल २७.४३. दुसऱ्या दिवसाचं माझं. तिसऱ्याचं माझं. अंतर माझं. वारा, जो मी मार्केट यार्डाच्या खिडकीतून बघितला होता, तो हिंदी महासागरात वाहिलेला, त्याच दिशेनं. तिसऱ्या दिवसाच्या शेऱ्यात कप्तानाच्या वळणदार इंग्रजी अक्षरात लिहिलंय, 'सकाळपासून सर्वत्र हळदीचा वास. सर्व कोठारे उघडून शोध घेतला. उगम सापडला नाही. खलाशी अस्वस्थ.' तुमच्याकडं तेव्हा नुसतं पोलाद होतं.

पहिल्यांदा मला काय वाटलं ते खरं सांगतो. मला अभिमान वाटला. ट्रॅक्टरवरून जहाज काढलं आणि दशांशाला बरोबर आलं, त्या बॉयलरच्या सरांना बोलवावं असं वाटलं. मग मी सोळा तारखेचं पान उघडलं. जागा, कराडची. शेरा, 'पाणी संथ. वाट पाहत आहे.' इथपर्यंत माझं होतं. पुढचं माझं नाही. पुढं असं होतं: 'एका बाजूस दगडी घाट व देवळे. त्याला लागून बाग. हिरव्या बाकावर एक तरुण, चौकड्यांचा शर्ट, शेजारी कागदी पुडा. भोंगा दोनदा दिला. त्याने मान वर केली नाही. पाण्याची खोली पुरेशी नाही, तरी जहाज तरंगते आहे. कारण समजत नाही.'

माझ्यासमोरून पन्नास हजार टनांचं जहाज गेलं, आणि मी भाग्यश्रीचं लास्ट सीन बघत होतो.

मी हे कुणाला दाखवणार नव्हतो, पण तपासणार तीच. तिनं पानं आणि माझे आकडे शेजारी शेजारी ठेवले, सगळे अकरा दिवस, बोट ठेवून. मग म्हणाली, "वीरधवल, खरं सांगा की. दाजींना आकडे कळवून लिहून घेतलं न्हवं तुम्ही?" मी शपथ घेतली. ती म्हणाली, शपथ नको, आमच्यात शपथा घेत नाहीत, नुसतं खरं सांगा. मी सांगितलं, सगळं, ट्रॅक्टरपासून. ती म्हणाली, एक दिवस जुळला असता तर मी योगायोग म्हटलं असतं. मग सोळा तारखेच्या पानावर ती थांबली. ते तिनं दोनदा वाचलं, आणि एकदम वेगळ्या आवाजात म्हणाली, "तुम्ही खरंच बसला होता?"

मी तिला तेव्हा सांगितलं होतं की तीन तास बसलो, पण तिला ती थाप वाटली होती. आता समुद्राच्या कप्तानानं सहीशिक्क्यानिशी लिहून दिलं होतं. दाजी, माझ्या प्रेमाला जगात एकच साक्षीदार आहे, आणि तो तिथं असणं शक्य नाही.

तर आता गोष्ट अशी अडलीये. भाग्यश्रीचं म्हणणं, या अहवालावर मी सही करणार नाही. तुमच्या खोट्यावर नाही, आणि हे जे काय खरं झालंय त्याच्यावर तर नाहीच. एकतीस मार्चच्या आत ते अकरा दिवस कुठं गेले ते शोधा, जे सापडेल ते जसंच्या तसं लिहा, त्याखाली मी सही करीन, नोकरी गेली तरी. "आणि ती सही झाली की दुसऱ्या कागदाचं बघू की." हे 'बघू की' नेहमीचं नव्हतं. ते म्हणताना ती खिडकीबाहेर बघत होती आणि कानापर्यंत लाल झाली होती. म्हणजे आता माझी नोकरी, तिची नोकरी आणि तो दुसरा कागद, तिन्ही तुमच्या जहाजाच्या अकरा दिवसांत अडकलेत.

काल रविवारी मी परत घाटावर गेलो. तिथं नाथाजीमामा जाळी विणत बसलेले असतात, त्यांना विचारलं, मामा, नोव्हेंबरात एका रविवारी दुपारच्याला नदीत काय दिसलं होतं का?

"दिसायचं काय त्यात," ते म्हणाले. "दोन हात पाणी वर आलं न् खाली गेलं. माझी होडी पार पायरीवर जाऊन बसली."

"धरणातनं सोडलं असंल."

"धरणाचं पाणी वरनं येतंय गड्या. ह्ये सांगलीकडनं आलं, उलटं." मग सुईत दोरा ओवून म्हणाले, "आन सावली पडली. ढग न्हवता. तू हुतास की रं तितं, बाकावर. मी किती हाका मारल्या, पोरा मागं सर, मागं सर. तू आपला मोबाइलात."

मी विचारलं, कसली सावली. ते म्हणाले, घराएवढी न्हाई, गल्लीएवढी. आणि पुन्हा विणायला लागले. मी तिथं बाकावर बसायला गेलो, पण बाराला पाच कमी होते. उठलो आणि स्टँडवर येऊन चहा प्यालो.

म्हणून विनंती एवढीच, की इंजिनरूमची वही तुमच्या हातची असते, कप्तानाची वेगळी. तिच्यातली ११ ते २१ नोव्हेंबरची पानं बघा. त्यात जे असेल ते उतरून पाठवा. तेल वेगळं असेल तर फारच उत्तम. पानं कोरी असतील तर कोरी आहेत असं लिहा, तेही चालेल. आणि शेवटी स्वतःच्या हातानं दोन ओळी लिहा, की मेहुण्यानं मला कुठलाही आकडा कळवलेला नव्हता. भाग्यश्रीला दाखवायच्या आहेत. अक्षर तुमचंच हवं, ते मी ओळखतो. समुद्र मायेनं वागो, इंजिन थंड राहो, आणि बाराच्या सुमाराला डेकवर फार फिरू नका.

तुमचा, उभ्या उभ्या फाईल फाडणारा मेहुणा,
वीरधवल

ता. क. — हे पत्र भाग्यश्रीनं वाचलं. तपासणार म्हणून तिचा तो हक्कच आहे. तिनं दोन तारखा दुरुस्त केल्या, तिच्याबद्दलचा मजकूर निम्म्यानं कमी करा म्हणाली (केला नाही), आणि म्हणाली की मी खरा प्रश्न विचारायलाच घाबरलोय. तर तो खाली लिहितो.

आणखी ता. क. — शेवटच्या दिवशी, २१ नोव्हेंबरला, मी रागात होतो. आदल्या दिवशी भाग्यश्री गावाकडून मला फोनवर म्हणाली होती की कराडला बसलो होतो म्हणून कशाला सांगता, चेष्टा पुरे. त्या तिरमिरीत मी चौकोन भरला. आमच्या फॉर्मात तेलाच्या खाली 'जहाजावरची माणसं' असा एक खाना आहे, त्यात कायम २२ असतं. मी तारीख चुकून त्या खान्यात टाकली. २१. बघितलंही नाही, पाठवून दिलं. दुसऱ्या दिवशी झेंडूचा खरा कागद आला, त्यात माणसं २१. तेव्हापासून रोज २१. युरोपच्या बंदरातल्या कागदांवर २१. कुणी उतरल्याची नोंद नाही, आजारी पडल्याची नाही, पाण्यात पडल्याची नाही. कंपनीची यादी आता एकवीस नावांची आहे, आणि ऑक्टोबरची जुनी यादी उघडली तर तीही एकवीसचीच निघते. बावीस होते हे फक्त आमच्या दुपारच्या जुन्या कागदांत शिल्लक आहे. त्या यादीत तुमचं नाव मी शोधलं नाही. दोनदा उघडली आणि दोनदा बंद केली. आज दुपारी मी त्या खान्यात पुन्हा २२ लिहिणार होतो, बोट ठेवलंही होतं, पण भाग्यश्रीनं माझा हात धरला (पहिल्यांदाच, आणि मला त्याकडं लक्ष देता आलं नाही). म्हणाली, "थांबा. बाविसावा म्हणून कोण येईल ते आपल्याला माहीत न्हाई की." म्हणून रात्रीच्या जेवणाला सगळे बसले की मोजा दाजी. कोण नाही, त्याचं नाव हवंय. ते नाव लिहिल्याशिवाय ती सही करणार नाही, आणि आता मीही करणार नाही.

सर्वांत शेवटचा ता. क. — पत्र पोस्टानं पाठवत नाही. पाटणचा साईराज म्हणून एक मुलगा परवा मुंबईहून विमानानं निघून तुमच्या जहाजावर रुजू होतोय, त्याच्याजवळ देतोय, सोबत अक्कानं केलेली कारळ्याची चटणी आहे. इंजिनरूममध्ये एक जागा रिकामी आहे एवढंच कंपनीनं त्याला कळवलंय. कुणाची जागा, असं मी फोन करून विचारलं, तर म्हणाले, ते दिसत नाही, रिकामी आहे एवढं दिसतंय. साईराजला यातलं काही सांगू नका, त्याची पहिलीच खेप आहे. त्याला झोपायला जी खोली देतील ती उघडताना तुम्ही बरोबर जा. आत कुणाचे कपडे, कुणाचा फोटो, कुणाची चप्पल असेल, ते बघून नाव कळवा. आणि दाजी, त्याच्या हातात तुमच्याच खोलीची किल्ली दिली, तर त्याच्यावर रागावू नका, चटणी त्याला खाऊ द्या, आणि हे पत्र तुम्ही कुठं बसून वाचताय तेवढं मला कळवा. अक्काला रविवारी बाराला फोन करायचं मात्र सोडू नका.